सेनानी आणि त्याची सहचारिणी

सेनाधिकाऱ्यांनी लिहिलेली आत्मचरित्रे जगात पुष्कळ आहेत. अशा ग्रंथांत बहुधा पलटणींची नावे, मोहिमांचे मार्ग, तोफांची संख्या आणि वरिष्ठांनी केलेली प्रशंसा यांचीच दाटी असते. ग्रंथकर्त्याला घर होते, पत्नी होती, हे वाचकास अर्पणपत्रिकेवरून कळले तर कळते. इंग्लंडचे सेनापती सर हॅरी स्मिथ यांचे आत्मचरित्र मात्र या नियमाला अपवाद आहे. त्यात लढाया कमी नाहीत. चार खंडांतील लढाया आहेत. परंतु त्या लढायांच्या धुरातून एक स्त्री सतत आपल्या दृष्टीस पडत राहते. घोड्यावर बसून सैन्याच्या पिछाडीने चाललेली, चिखलात भिजलेली, हसणारी आणि प्रसंगी पतीलाही न विचारता आपल्या मनाला योग्य वाटेल ते करणारी. तिचे नाव हुआना.

हॅरी स्मिथ यांचा जन्म १७८७ मध्ये इंग्लंडमधील व्हिट्लसी या लहानशा गावी झाला. वडील शस्त्रवैद्य होते. घरात मुले पुष्कळ. हॅरीने १८०५ मध्ये रायफलधारी पलटणीत प्रवेश केला आणि लवकरच तो स्पेनमध्ये जाऊन पोहोचला. त्या काळी फ्रान्सचा सम्राट नेपोलियन याने स्पेन देश व्यापला होता आणि स्पॅनिश लोकांच्या साहाय्यार्थ इंग्रजांचे सैन्य तेथे लढत होते. त्या सैन्याचा सेनापती वेलिंग्टन होता. हा तोच वेलिंग्टन, ज्याने १८०३ मध्ये मराठवाड्यातील असईच्या रणांगणावर शिंदे व भोसले यांच्या फौजांशी झुंज दिली होती.

पोर्तुगालच्या सरहद्दीजवळ बादाहोस नावाचे तटबंदीचे शहर आहे. शहर स्पॅनिश लोकांचे, पण आत ठाणे फ्रेंचांचे. १८१२ च्या मार्च महिन्यात इंग्रजांनी त्याला वेढा घातला. ६ एप्रिलच्या रात्री तटाला पडलेल्या खिंडारांवर हल्ला झाला. वरून फ्रेंचांनी गोळ्यांचा आणि स्फोटकांचा वर्षाव केला. खिंडारांत तलवारीची पाती रोवून वाट अडवली होती. त्या एका रात्रीत हल्ला करणाऱ्यांपैकी साडेतीन हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. अखेर शहर पडले.

यानंतर जे घडले ते इंग्रजांच्या इतिहासातील एक काळे पान आहे. विजयाने आणि मद्याने उन्मत्त झालेले सैनिक शहरात शिरले आणि ज्यांना सोडविण्यासाठी म्हणून ते आले होते, त्याच नागरिकांना त्यांनी लुटले. घरे फोडली, माणसे मारली, स्त्रियांवर अत्याचार केले. दोन-तीन दिवस अधिकाऱ्यांच्या आज्ञेला कोणी जुमानीना. हॅरी स्मिथ या प्रकारावर पांघरूण घालीत नाहीत. आपल्याच सैन्याने केलेले हे कृत्य लज्जास्पद होते, असे ते स्पष्ट लिहितात. आत्मचरित्र लिहिणाऱ्याची पहिली कसोटी अशाच ठिकाणी लागते.

शहर पडल्यानंतर दोन स्पॅनिश भगिनी इंग्रजांच्या छावणीकडे येताना दिसल्या. थोरलीने डोक्यावरून ओढणी घेतली होती. तिच्या कानांच्या पाळ्यांतून रक्त वाहत होते. लुटारू सैनिकांनी कानांतील भूषणे ओरबाडून घेतली होती. ती एका चांगल्या कुळातील होती. पती स्पॅनिश सैन्यात अधिकारी असून दूर होता. स्वतःसाठी तिला काही नको होते. धाकट्या बहिणीला तेवढे कोणीतरी सुरक्षित ठेवावे, एवढीच तिची याचना होती. ती धाकटी बहीण म्हणजे हुआना. काही काळापूर्वीपर्यंत ती मठाच्या शाळेत शिकत होती. तिला नुकतेच चौदावे वर्ष पूर्ण झाले होते. त्या प्रसंगी हॅरीबरोबर त्याचा मित्र जॉनी किंकेड होता. त्यानेही पुढे आपल्या आठवणींच्या पुस्तकात ही भेट लिहून ठेवली आहे.

थोड्याच दिवसांत हॅरीचा व हुआनाचा विवाह छावणीतच झाला. वेलिंग्टनने त्याला संमती दिली. वर चोवीस वर्षांचा, वधू चौदा वर्षांची. तो प्रॉटेस्टंट, ती कॅथलिक. त्याला तिच्या भाषेचे ज्ञान होते. तिला त्याच्या भाषेतील शब्दही येत नव्हता. इतक्या कोवळ्या वयात मुलीचा विवाह व्हावा, ही गोष्ट आज कायद्यालाही मान्य नाही आणि विवेकालाही नाही. त्या काळात मात्र ती युरोपात कायद्याला अमान्य नव्हती, आणि आपल्या देशात तर चौदाव्या वर्षापर्यंत मुलीचा विवाह लांबला म्हणजे लोक नावे ठेवीत. घर लुटलेले, आप्त पांगलेले आणि ज्या सैन्याने लुटले त्याच सैन्याच्या छावणीत आसरा, अशा स्थितीत त्या मुलीपुढे निवडीला वाव किती उरला होता, हे वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावे. स्मिथ आपल्या भाग्याचे वर्णन मोठ्या उत्साहाने करतात. हुआनाच्या मनात त्या दिवशी काय होते, ते मात्र त्यांच्या ग्रंथात शोधूनही पुरेसे सापडत नाही.

सहचारिणी म्हणून हुआनाचे शिक्षण छावणीत सुरू झाले. तिला घोड्यावर बसणे शिकावे लागले. प्रथम वेस्ट नावाचा मोतद्दार तिच्या घोड्याचा लगाम धरून चाले. पुढे तिने हट्टाने लगाम आपल्या हाती घेतला आणि ‘टायनी’ नावाच्या चपळ स्पॅनिश घोड्यावर ती स्वार होऊ लागली. ती पतीला ‘एन्रिके’ म्हणे. हॅरी या नावाचे ते स्पॅनिश रूप होय.

त्याच वर्षी २२ जुलैला सालामांका येथे मोठी लढाई झाली. रात्र पडली तेव्हा हुआनाला रणांगणावरच झोपावे लागले. तिने शेतातील हिरवा गहू कापून त्याचे अंथरूण केले. घोडा बांधायला जागा नव्हती, म्हणून लगाम हातात धरून ती त्यावर पडली. सकाळी पाहते तो घोड्याने तिचे सारे अंथरूण खाऊन टाकले होते! या गोष्टीचे तिला अपार हसू आले. आसपास प्रेते पडलेली असताना हसू येणे काहींना विचित्र वाटेल. पण ती चौदा वर्षांची होती, आणि चौदाव्या वर्षी माणूस कितीही दुःख पाहिले तरी हसणे विसरत नाही.

हसण्याचे दिवस फार नव्हते. ऑक्टोबरात बुर्गोसचा वेढा उठवून इंग्रजांना माघार घ्यावी लागली. अखंड पाऊस, गुडघाभर चिखल आणि शिधा संपलेला. सैनिकांनी ओकच्या झाडांखाली पडलेली फळे खाऊन दिवस काढले. हॅरीची तुकडी सर्वांत मागे राहून शत्रूला थोपवीत होती. हुआना त्या माघारीत सैन्याबरोबर चालत राहिली आणि ओल्या कपड्यांनिशी रात्री काढीत राहिली. पुढच्या वर्षी, १८१३ मध्ये, व्हिटोरियाच्या लढाईत हॅरीचा घोडा तोफगोळ्याच्या माऱ्यात कोसळला. कोणा सैनिकाने हुआनाला सांगितले की, तुझा पती पडला. थोड्या वेळाने हॅरी समोर आला, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. तो मेला नसला तरी जबर जखमी झाला आहे, असे हुआनाला वाटले. खरे पाहता दिवसभर हुकूम ओरडून त्याचा घसा बसला होता, एवढेच!

आता या ग्रंथातील अशी एक घटना सांगावयाची आहे की, जीत एकही गोळी सुटत नाही. परंतु बादाहोसची हकीकत वाचलेल्या माणसाला ती विसरता येणार नाही. १८१४ च्या आरंभी इंग्रजांचे सैन्य पिरेनीज पर्वत ओलांडून फ्रान्समध्ये शिरले होते. मों-द-मार्सां या गावी हॅरी व हुआना यांना एका फ्रेंच विधवेच्या घरी उतरायला मिळाले. थंडी कडाक्याची होती. त्या बाईने शेगडी पेटविली आणि कोंबडीचा गरम रस्सा आणून हुआनापुढे ठेवला. ज्या वाडग्यात तो रस्सा होता, तो सेव्र येथील प्रसिद्ध चिनी मातीचा होता. तिच्या विवाहात मिळालेली ती भेट होती आणि पती वारल्यापासून तिने ती वापरली नव्हती. शत्रूच्या सैन्याबरोबर आलेल्या अनोळखी मुलीसाठी तिने ती वस्तू बाहेर काढली होती.

सैन्य पुढे निघाले. पुढच्या मुक्कामावर हॅरीच्या नोकराने हुआनासाठी दूध आणले, ते त्याच वाडग्यातून! निघताना त्याने तो हळूच उचलला होता. स्वारीवरचे नोकर असे करीतच असत. कोणी त्याची फारशी दखलही घेत नसे. हुआनाने मात्र वाडगा ओळखला. हॅरी आपल्या कामावर गेला तेव्हा तिने घोड्यावर खोगीर चढवावयास सांगितले, मोतद्दाराला बरोबर घेतले आणि परक्या मुलखातून, कित्येक मैल, आलेल्या वाटेने ती परत गेली. त्या विधवेच्या हाती वाडगा देऊनच ती माघारी वळली. संध्याकाळी परतलेल्या हॅरीला पत्नी मुक्कामावर दिसेना. त्याची काय अवस्था झाली असेल! विचारले असते तर नवऱ्याने जाऊ दिले नसते, हे ठाऊक असल्यामुळे तिने विचारलेच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी हुआनाच्या बहिणीच्या कानांतील भूषणे ज्यांनी ओरबाडली, ते याच सैन्यातील लोक होते. लूट म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती. स्मिथ यांनी स्वतः ही तुलना केलेली नाही; त्यांनी वाडग्याची गोष्ट केवळ पत्नीच्या कौतुकाने सांगितली आहे. पण ग्रंथातील दोन प्रकरणे वाचकाने एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, तर त्यांचा अर्थ आपोआप उलगडतो.

नेपोलियनचा पाडाव झाला आणि १८१४ मध्ये हॅरीला अमेरिकेतील युद्धावर जावे लागले. दोघांची ही पहिली दीर्घ ताटातूट. हुआना लंडनमध्ये राहून इंग्रजी शिकू लागली. तिकडे इंग्रजांनी अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन जिंकून तेथील संसदगृह आणि अध्यक्षांचे निवासस्थान जाळले. अध्यक्षांच्या घरी मांडून ठेवलेल्या भोजनावर आपणही ताव मारला, हे स्मिथ मिश्किलपणे सांगतात. परंतु त्या सुंदर इमारती जाळणे हे रानटीपणाचे होते, असाही निर्वाळा देतात.

१८१५ मध्ये नेपोलियन परत आला आणि १८ जूनला वाटर्लूची अखेरची लढाई झाली. तीत हॅरी आणि त्याचे दोन भाऊ असे तिघे स्मिथ बंधू लढत होते. हुआनाला अँटवर्प शहरी सुरक्षित ठेवले होते. विजयाची वार्ता आली, पण पतीची वार्ता आली नाही. तेव्हा एके दिवशी पहाटे तीन वाजता ती घोड्यावर बसून निघाली. ब्रसेल्सला तिला रायफल पलटणीचे काही सैनिक भेटले. ब्रिगेड मेजर स्मिथ लढाईत पडले, असे त्यांनी सांगितले. हुआना तशीच रणांगणावर गेली. तेथे हजारो प्रेते पडली होती, ठिकठिकाणी नव्या मातीचे उंचवटे दिसत होते. त्यांतून ती पतीचे शव शोधीत फिरू लागली. एवढ्यात एक ओळखीचा अधिकारी समोर आला. त्याने सांगितले की, मेला तो हॅरी नव्हे. त्याच पलटणीतील, त्याच हुद्द्याचा, चार्ल्स स्मिथ नावाचा दुसराच तरुण. हॅरी सुखरूप असून सैन्याबरोबर पुढे गेला आहे. हे ऐकून ती पुन्हा घोड्यावर बसली आणि मध्यरात्रीच्या सुमारास मुक्कामावर उतरली. तिच्या आनंदाला पारावार उरला नाही. तरी त्याच दिवशी दुसऱ्या कोणा स्मिथच्या घरी खरीच वार्ता जावयाची होती, हे ग्रंथ वाचताना आपल्या मनातून जात नाही.

स्मिथ यांनी हा भाग हुआनाच्या तोंडून वदविला आहे. संपूर्ण ग्रंथात तिचे बोलणे असे सलग क्वचितच ऐकू येते, म्हणून त्याचे मोल अधिक.

पुढील आयुष्यात स्मिथ मोठमोठ्या पदांवर चढत गेले. १८२८ मध्ये त्यांची दक्षिण आफ्रिकेत नेमणूक झाली. १८३४ च्या अखेरीस सरहद्दीवर युद्ध पेटले, तेव्हा केपटाउनपासून ग्रॅहॅम्सटाउनपर्यंत सुमारे ६०० मैलांची वाट त्यांनी घोड्यावरून सहा दिवसांत तोडली. ही दौड फार गाजली. परंतु येथून पुढच्या पानांत वाचकाला निराळेच स्मिथ भेटतात. खोसा लोकांचा राजा हिंत्सा वाटाघाटींसाठी इंग्रजांच्या छावणीत आला असता त्याला तेथेच अडकवून ठेवण्यात आले. स्मिथ यांच्या तुकडीबरोबर जात असताना त्याने निसटण्याचा यत्न केला, तेव्हा त्याचा पाठलाग होऊन तो गोळीने मारला गेला आणि त्याच्या प्रेताची विटंबना झाली. त्याबद्दल पुढे चौकशी झाली. स्मिथ आपल्या वर्तनाचे समर्थन करतात. मात्र बादाहोसच्या लुटीबद्दल त्यांच्या लेखणीत जी लाज दिसते, ती येथे दिसत नाही. १८४७ मध्ये गव्हर्नर होऊन ते पुन्हा आफ्रिकेत आले, तेव्हा त्यांनी मकोमा या खोसा सरदाराला सर्वांदेखत जमिनीवर पालथे पाडवून त्याच्या मानेवर पाय ठेवला. पराभूतांचा असा अपमान करणारा माणूस आणि लुटलेल्या शहरातील दोन भगिनींना संरक्षण देणारा तरुण एकच होता, हे मानणे जड जाते. पण ते खरे आहे.

या दोन आफ्रिकावासांच्या मधली काही वर्षे स्मिथ दांपत्य भारतात होते. आत्मचरित्राचा बराच भाग येथेच, १८४४ च्या सुमारास लिहिला गेला. मराठी वाचकाला या भागात विशेष आस्था वाटेल. १८४३ मध्ये ग्वाल्हेरचे जनकोजीराव शिंदे निपुत्रिक वारले. त्यांची विधवा ताराबाई त्या वेळी अवघी बारातेरा वर्षांची होती. तिने दत्तक घेतलेले जयाजीराव तर आठनऊ वर्षांचे. दरबारातील कलहाचे निमित्त करून इंग्रजांनी ग्वाल्हेरवर सैन्य नेले आणि २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर व पनिहार येथे लढाया झाल्या. महाराजपूरला इंग्रजांची अपेक्षा होती की, प्रतिकार फारसा होणार नाही. प्रत्यक्षात शिंद्यांचे गोलंदाज आपल्या तोफा सोडून हलले नाहीत. तोफांजवळच त्यांनी प्राण दिले. इंग्रजांची सुमारे ८०० माणसे ठार व जखमी झाली.

सहज बघावयास म्हणून हुआना आणि सेनापती गफ यांची पत्नी यांसह काही स्त्रिया हत्तींवर बसून सैन्यामागे आल्या होत्या. तोफगोळे त्यांच्या हत्तींपर्यंत पोहोचू लागले. त्यांनी दाखविलेल्या धैर्याबद्दल गव्हर्नर-जनरल एलेनबरो यांनी त्यांना ताऱ्याच्या आकाराची पदके दिली. हुआना तेव्हा पंचेचाळीस वर्षांची होती. ज्या वयात ती स्वतः बादाहोसच्या आगीतून बाहेर पडली, जवळजवळ त्याच वयाची एक मुलगी आता पलीकडे ग्वाल्हेरच्या वाड्यात होती आणि तिचे राज्य घेरणाऱ्या सैन्याबरोबर हुआना हत्तीवर बसून आली होती. हा विचार तिच्या मनाला शिवला किंवा नाही, याविषयी ग्रंथ मूक आहे.

२८ जानेवारी १८४६ रोजी पंजाबात सतलज नदीच्या काठी अलीवाल या खेड्याजवळ स्मिथ यांनी शिखांविरुद्ध मोठा विजय मिळविला. आत्मचरित्राचा धागा या युद्धापाशीच तुटतो. पुढची हकीकत जी. सी. मूर स्मिथ या संपादकाने पत्रे व अन्य कागद यांवरून जोडली आणि ग्रंथ दोन खंडांत १९०१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत दोघेही हयात नव्हती. आफ्रिकेतील नवे युद्ध आटोक्यात न आल्यामुळे १८५२ मध्ये स्मिथ यांना गव्हर्नरपदावरून परत बोलाविण्यात आले होते. १८६० मध्ये ते लंडन येथे वारले. त्यांना अपत्य नव्हते. हुआना त्यांच्यामागे बारा वर्षे जगली आणि १८७२ मध्ये तिचे निधन झाल्यावर व्हिट्लसी येथे पतीशेजारीच तिला मूठमाती देण्यात आली.

स्मिथ गव्हर्नर असताना दक्षिण आफ्रिकेत नव्या वसाहतींना नावे देण्यात आली. एकीला पंजाबातील त्या खेड्यावरून ‘अलीवाल नॉर्थ’, एकीला ‘हॅरिस्मिथ’ आणि नाताळ प्रांतातील एकीला हुआनावरून ‘लेडीस्मिथ’. या शेवटच्या नावाशी आपल्या देशाचाही एक संबंध जडलेला आहे. १८९९ मध्ये इंग्रज आणि बोअर यांच्यात युद्ध जुंपले आणि बोअरांनी लेडीस्मिथला वेढा घातला. हा वेढा जवळजवळ चार महिने चालला. तो उठविण्यासाठी इंग्रजांचे सैन्य कोलेन्सो आणि स्पिऑन कॉप येथे लढत असताना, नाताळमध्ये वकिली करणाऱ्या मोहनदास गांधींनी तेथील सुमारे ११०० हिंदी लोकांचे शुश्रूषापथक उभारले होते. त्यांत व्यापारी होते, कारकून होते, करारबद्ध मजूरही होते. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. जखमी सैनिकांना डोलीत घालून ते खांद्यावरून दिवसाकाठी वीस-पंचवीस मैल चालत इस्पितळापर्यंत नेत असत.